रत्नागिरीहून नेपाळला स्वतःच्या गाडीने: कागदपत्रं, नाक्यावरचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

सुट्ट्या जवळ आल्या की मला दोन तऱ्हेचे फोन येतात. पहिला घरून येतो: "नेपाळला गाडी घेऊन चाललोय, पोखऱ्यात हॉटेल कुठलं घेऊ?" दुसरा सीमेवरून येतो: "दादा, गाडी आत सोडत नाहीत, काय करू?" दुसरा फोन करणारे बहुतेक पहिला फोन केलेलेच असतात. हॉटेल आधी ठरतं, कागद शेवटच्या रात्री गोळा होतात. दोन हजार किलोमीटर गाडी चालवून गेल्यावर एका कागदापायी लहान मुलांना घेऊन उन्हात ताटकळावं लागतं. ते बघवत नाही, म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहितोय.

मी तीन वेळा गाडीने जाऊन आलो. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळ्या चुका केल्या, त्या पुढे येतीलच. हे मार्गदर्शन फक्त खासगी, म्हणजे पांढऱ्या पाटीच्या चारचाकीसाठी आहे. पिवळ्या पाटीच्या टुरिस्ट गाडीचे परवाने आणि शुल्क वेगळं असतं, त्यात हे नियम लावू नका.

## टप्पा १: माणसांची ओळखपत्रं (निघण्याआधी दोन महिने)

भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. म्हणून लोक समजतात की काहीच लागत नाही, आधार कार्ड पुरेल. इथेच पहिला घोटाळा होतो. प्रौढ माणसाला दोनच कागद चालतात: पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार चालतं ते १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना. मधल्या वयाच्या माणसाने आधार पुढे केलं तर ते ग्राह्य धरलं जाईलच याची खात्री नाही, आणि खात्री नसलेल्या कागदावर एवढा प्रवास करू नये.

१५ ते १८ वयाची मुलं दोन्हींच्या मध्ये अडकतात. मतदार कार्ड निघत नाही, पासपोर्ट काढलेला नसतो. त्यांच्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचं फोटोसह ओळख प्रमाणपत्र लागतं. हे प्रमाणपत्र शाळा सुरू असतानाच घ्या. एप्रिलअखेरीस निकाल लागला की गावच्या शाळेला कुलूप लागतं आणि मुख्याध्यापक आपल्या गावी जातात.

आपल्याकडे आणखी एक अडचण नेहमीची. घरातल्या बाईच्या मतदार कार्डावर माहेरचं नाव, बाकी सगळीकडे सासरचं. किंवा कार्ड इतकं जुनं की काळ्यापांढऱ्या फोटोतला चेहरा ओळखू येत नाही. दुरुस्तीसाठी किंवा नव्या कार्डासाठी नमुना ८ भरायचा असतो, आणि कार्ड हातात यायला आठवडे जातात. म्हणून हे काम यादीत पहिलं.

तपासा: प्रत्येक माणसाचं मूळ ओळखपत्र हातात आहे का? 'मोबाइलमध्ये आहे' हे उत्तर धरू नका. डिजिलॉकर आपल्या वाहतूक पोलिसांना चालतं, सीमेपलीकडे प्लास्टिकचं किंवा कागदाचं मूळच दाखवावं लागतं.

## टप्पा २: गाडी नक्की कोणाच्या नावावर आहे?

कोकणात हा प्रश्न साधा नाही. गाडी वापरतो गावचा धाकटा, नाव असतं मुंबईच्या थोरल्याचं. वडील जाऊन चार वर्षं झाली तरी आरसी त्यांच्याच नावावर. इथे, आपल्या तालुक्यात, कोणी विचारत नाही. सीमेवर पहिला प्रश्न तोच असतो.

माझी पहिली खेप याच्यावरच अडली. गाडी भावाच्या नावावर होती. मी आपला निश्चिंत, सख्खा भाऊ, आडनाव एक, हरकत कसली? खिडकीमागच्या माणसाने आरसी पाहिली, माझं लायसन्स पाहिलं, दोन्ही कार्डं काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली आणि बोटाने दोन्ही नावं दाखवली. एवढंच. त्याचं काही चुकलं नव्हतं. मी गाडी वळवून गोरखपूरला आलो, भावाला फोन केला, त्याने मुंबईत नोटरी करून कागद पाठवला, आणि दीड दिवस तिथल्या लॉजवर गेला.

म्हणून:

- मालक बरोबर येत असेल तर उत्तम, प्रश्नच मिटला.
- येत नसेल तर मालकाचं नोटरी केलेलं अधिकारपत्र घ्या. त्यात गाडीचा नंबर, इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक, चालवणाऱ्याचं नाव, त्याचा लायसन्स क्रमांक, 'नेपाळला नेण्यास परवानगी' हे शब्द आणि प्रवासाच्या तारखा हव्यात. मजकूर इंग्रजीत करा. मालकाच्या ओळखपत्राची सही केलेली प्रत जोडा.
- मालक हयात नसेल तर आधी आरटीओत वारसाच्या नावावर गाडी करून घ्या. यात पळवाट शोधू नका.
- गाडीवर कर्ज असेल तर बँकेकडून गाडी परदेशी नेण्यास हरकत नसल्याचं पत्र मागा. मी दरवेळी घेतलं. बँक आठ-दहा दिवस घेते.

आरसीचं स्मार्टकार्ड, लायसन्स, पीयूसी आणि विमा या सगळ्यांची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान पंधरा दिवस तरी शिल्लक असू द्या. पीयूसी लोक हमखास विसरतात.

## टप्पा ३: विमा

आपली नेहमीची मोटार पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. सीमेची कमान ओलांडली की ती संपली. नेपाळात कोणाला धक्का लागला तर सगळा खर्च तुमच्या खिशातून, आणि प्रकरण मिटेपर्यंत गाडी पोलिसांच्या ताब्यात.

यावर तोड सोपी आहे आणि जुनी आहे. भौगोलिक क्षेत्र वाढवून देणारी जोडपट्टी मिळते, तिचं नाव आयएमटी-१. नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव हे देश तिच्यात येतात. जादा हप्ता नगण्य असतो. अडचण पैशाची नाही, माहितीची आहे. एजंटला 'नेपाळसाठी काहीतरी करून दे' म्हणालात तर तो 'सगळं कव्हर आहे, काळजी नको' म्हणेल. त्याला नेमकं 'आयएमटी-१ एंडॉर्समेंट' म्हणा.

पॉलिसी ऑनलाइन काढली असेल तर कंपनीला ईमेल लिहा आणि लेखी उत्तर घ्या. कस्टमर केअरच्या तोंडी आश्वासनाला अपघाताच्या दिवशी काही किंमत नसते.

थांबा: एंडॉर्समेंटचा कागद हातात आल्यावर त्यात 'नेपाळ' हा शब्द स्वतः डोळ्यांनी वाचा. तारखाही वाचा. मग छापील प्रत फाइलमध्ये लावा.

रस्त्यात बंद पडलेली गाडी उचलून नेण्याची जी सेवा पॉलिसीबरोबर मिळते, ती तिकडे चालेल असं धरू नका. मारुती, ह्युंदाई, टाटा, महिंद्रा यांच्या गाड्या नेपाळात भरपूर आहेत, त्यामुळे सुटे भाग आणि मेकॅनिक मिळतात. बिल रोख द्यायचं.

## टप्पा ४: महिना ठरवा

आपल्याला मे सोयीचा, पण मे म्हणजे विदर्भ, महाकोशल आणि पूर्व उत्तर प्रदेश ४५ अंशांच्या आसपास. समुद्राकाठी राहणाऱ्याला तो कोरडा उन्हाळा सोसत नाही आणि टायरलाही सोसत नाही. मेमध्येच जाणं भाग असेल तर पहाटे चारला निघून अकराला थांबायचं, आणि संध्याकाळी पुन्हा दोन-तीन तास.

जून ते सप्टेंबर जाऊ नका. आपल्याला पावसाची सवय आहे, परशुराम घाटातली दरड आपण पाहिलेली आहे, म्हणून आपल्याला उगाच धीर येतो. नेपाळातले डोंगर आपल्या जांभ्या-काताळासारखे नाहीत. भुसभुशीत माती आणि मोठाले धोंडे, खाली नदी. १२ जुलै २०२४ ला नारायणगढ–मुग्लिन रस्त्यावर सिमलताल इथे दरड आली आणि दोन बस प्रवाशांसकट त्रिशूली नदीत गेल्या. काठमांडूला जायचा आपला रस्ता तोच.

डिसेंबर-जानेवारीत गोरखपूर ते नेपाळातलं बुटवल या तराईच्या, म्हणजे डोंगरपायथ्याच्या सपाट पट्ट्यात दाट धुकं असतं. धुक्यात ट्रकच्या मागचा दिवा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

उरतात ऑक्टोबरचा उत्तरार्ध, नोव्हेंबर, आणि फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. यात एक सूक्ष्म गोष्ट. आपल्या घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत नेपाळात दसैं चालतो, तो त्यांचा सर्वांत मोठा सण. कचेऱ्या बंद, सगळा देश गावाकडे निघालेला. गणपतीत आपल्या महामार्गाची जी गत होते तीच तिथे. कोजागिरी उलटल्यावर निघा.

## टप्पा ५: गाडी

सर्व्हिसिंग निघण्याआधी पंधरा दिवस करा, आदल्या दिवशी नको. सर्व्हिसिंगमध्ये राहिलेली खोट पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरमध्ये बाहेर येते, ती गावातच येऊ दे.

आपल्या गाड्यांना खारा वारा खातो. गॅरेजवाल्याला गाडी लिफ्टवर घेऊन ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सरचे हँगर आणि बॅटरीचे टर्मिनल गंजलेत का ते बघायला सांगा. तांबड्या मातीने एअर फिल्टर भरलेला असतो, तो नवा टाका. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाच वर्षांवरचा टायर नक्षी शिल्लक असली तरी या प्रवासाला नेऊ नका. स्टेपनीचाही आकडा बघा.

मग एक चाचणी घ्या. गाडीत जाणार तेवढी सगळी माणसं आणि तेवढंच सामान भरा. पोफळीहून कुंभार्ली घाट चढून हेळवाकपर्यंत जा आणि लगेच परत खाली या. खाली उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर या. पोफळीत उतरल्यावर चाकांपाशी जाऊन वास घ्या. जळका वास येत असेल तर एकतर पॅड संपलेत, नाहीतर तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून उतरलात. दोन्ही गोष्टी घरापासून शंभर किलोमीटरच्या आत कळलेल्या बऱ्या. तापमानाचा काटाही चढताना बघा. दक्षिण रत्नागिरीतल्यांनी हेच आंबा घाटात करावं, सिंधुदुर्गातल्यांनी आंबोलीत.

## टप्पा ६: कोकणातून सीमेपर्यंत

नेपाळच्या बाजूला अनेक नाके आहेत. आपल्यासाठी सोनौली सोयीचा: उत्तर प्रदेशात, गोरखपूरच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर. पलीकडे बेलहिया आणि मग भैरहवा. तिथून लुंबिनी जवळ, पोखरा आणि काठमांडू दोन्हीकडे रस्ते फुटतात. काहीजण रक्सौल–वीरगंज घेतात, तो बिहारमधून जातो.

खबरदार: बिहारमध्ये २०१६ पासून दारूबंदी आहे. सावंतवाडी-बांद्याकडच्या गाडीत गोव्याची एखादी बाटली विसरून राहिलेली असते. निघताना डिकी, सीटखाली, दरवाज्याचे कप्पे सगळं रिकामं करा. तशी ती आपल्या राज्यातही बेकायदाच आहे.

रत्नागिरीहून जाणाऱ्यांसाठी मिऱ्या–नागपूर महामार्ग दारातच सुरू होतो: आंबा घाट, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा, नागपूर. रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्यांनी पनवेलकडे जाऊन भिवंडीजवळच्या आमणेहून समृद्धी महामार्ग धरावा. ५ जून २०२५ ला इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून ७०१ किलोमीटर सलग मिळतात. तो रस्ता सरळ आणि एकसुरी आहे, त्यामुळे डोळा लागतो. दर दोन तासांनी थांबा, आणि वेग मर्यादा १२० आहे म्हणून १२० ने जाऊ नका. भरलेली गाडी उन्हात १०० च्या आत ठेवा.

नागपूरपासून पुढे सगळ्यांचा रस्ता एक: जबलपूर, कटनी, रीवा, प्रयागराज, मग गोरखपूर. मी मुक्काम असे करतो: पहिली रात्र नांदेड किंवा यवतमाळ, दुसरी जबलपूर, तिसरी प्रयागराज, चौथी गोरखपूर. तीन दिवसांत जाता येतं, पण थकलेला माणूस नाक्यावर चिडतो आणि कागद चुकीचे भरतो.

गोरखपूरचा मुक्काम टाळू नका. रात्री तिथे ही कामं करा:

१. मूळ कागदांची एक फाइल, क्रमाने: आरसी, लायसन्स, विमा आणि एंडॉर्समेंट, पीयूसी, अधिकारपत्र, बँकेचं पत्र, सगळ्यांची ओळखपत्रं.
२. प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. सीमेवर झेरॉक्सचं दुकान आहे, पण वीज असेलच असं नाही.
३. एका कागदावर मोठ्या अक्षरात गाडीचा नंबर, इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक, मालकाचं नाव, चालकाचं नाव. फॉर्म भरताना यावरून उतरवा. आरसीवरचे बारीक आकडे घाईत चुकतात, आणि एक आकडा चुकला की पावती नव्याने.
४. शंभर रुपयांच्या नोटांची गड्डी वेगळी. शंभरपर्यंतच्या भारतीय नोटा तिकडे बिनघोर चालतात, मोठ्या नोटांवर विसंबू नका.

## टप्पा ७: नाक्यावरचा दिवस

पहाटे निघून सकाळी आठ-नऊला सोनौलीत पोचा. नौतनव्यानंतर ट्रकांची लांबच लांब रांग दिसेल. ती मालवाहतुकीची आहे, तिच्या मागे उभे राहू नका. छोट्या गाड्या बाजूने पुढे जातात. मी पहिल्या वेळी पाऊण तास एका ट्रकच्या मागे इमानदारीने उभा होतो, शेवटी त्या ट्रकवाल्यानेच हात करून पुढे घातलं.

क्रम असा:

१. भारतीय बाजू. सशस्त्र सीमा बलाचे जवान ओळखपत्रं बघतात, सामानाबद्दल विचारतात. काच खाली, दिवसाउजेडी असला तरी आतला दिवा चालू, उत्तर थोडक्यात.

२. कमान ओलांडली की गाडी बाजूला लावा. इथे लगेच माणसं येतात: "भन्सार करून देतो, पाच मिनिटांत." गळ्यात ओळखपत्र असतं, बोलणं आर्जवी असतं. नम्रपणे नको म्हणा आणि स्वतः खिडकीवर जा. कागद कोणाच्याही हातात देऊ नका. मूळ आरसी एकदा हातातून गेली की सौदा त्याच्या अटींवर होतो.

३. भन्सार कार्यालय. भन्सार म्हणजे कस्टम्स. फॉर्म भरा, किती दिवस राहणार ते लिहा, गाडीच्या प्रकारानुसार दर दिवसाचं शुल्क भरा, पावती घ्या. चालक स्वतः हजर हवा.

४. यातायात, म्हणजे वाहतूक खात्याचा परवाना. भन्सारची पावती दाखवून हा दुसरा कागद घ्यायचा. लोक भन्सार झालं की गाडी सुरू करतात, आणि पुढच्या चौकीवरून परत पाठवले जातात. भन्सारच्या खिडकीवरच विचारा, "दाइ, यातायातको अनुमति कहाँ?" दाइ म्हणजे आपला दादा. त्या एका शब्दाने समोरच्याचा चेहरा मऊ होतो, हे मी प्रत्येक वेळी पाहिलंय.

५. निघण्याआधी दोन्ही कागद गाडीतच बसून वाचा. नंबर, नाव, दिवस.

तपासा: भरलेल्या प्रत्येक रुपयाची छापील पावती आहे का? पावती नसलेले पैसे देऊ नका.

सामानाबद्दल एक शब्द. ओळखीच्यांसाठी हापूसच्या चार पेट्या न्यायचा मोह होतो. खोक्यात बांधलेला माल व्यापारी दिसतो, आणि फळांना विलगीकरणाचे नियम लागतात. वाटेत खायला डझनभर ठेवा, तेही सीमेआधी संपवा. ड्रोनला तिथे वेगळी परवानगी लागते, तो घरी राहू दे.

## टप्पा ८: पावती वाचा, दिवस मोजा

सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते, आणि ती आपणच जास्त करतो. कारण पावती देवनागरीत असते. आपल्याला वाटतं, वाचता येतंय म्हणजे कळतंय.

पावतीवरची तारीख इसवी सनाची नसते, विक्रम संवताची असते. १४ एप्रिल २०२५ ला तिथे १ वैशाख २०८२ होतं. एप्रिलच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत इसवी सनात ५७ मिळवा, जानेवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ५६. आणि हे महिने आपल्या कॅलेंडरवरचे महिने नव्हेत. आपले चंद्रावर चालतात, त्यांचे सूर्यावर. भिंतीवरच्या कालनिर्णयातला कार्तिक आणि पावतीवरचा कार्तिक जुळत नाहीत. त्यांचा महिना २९ पासून ३२ दिवसांपर्यंत कितीही असू शकतो. नेपाळी छपाईत ५, ८ आणि ९ या अंकांची वळणंही आपल्यापेक्षा थोडी निराळी असतात, हाताने लिहिलेले असले तर जास्तच.

दुसऱ्या खेपेला मी सात दिवसांची पावती घेतली. सोमवारी आत गेलो. आपल्या हिशेबाने सोमवार अधिक सात म्हणजे पुढचा सोमवार, त्या दिवशी दुपारी परत येऊ असं ठरवलं. पण आत गेलेला दिवस हाच पहिला दिवस असतो. सातवा दिवस रविवारी संपला. सोमवारी नाक्यावर दंड भरला आणि रांगेत दोन तास गेले. पावतीवर 'म्याद' हा शब्द तेव्हाही स्पष्ट छापलेला होता, मी वाचला नव्हता.

तेव्हा:

- म्याद म्हणजे मुदत. ती तारीख खिडकीवरच्या माणसाला विचारून इसवी सनात पेनाने पावतीच्या मागे लिहून घ्या.
- ठरवलेल्या दिवसांपेक्षा दोन दिवस जास्तीचे घ्या. दरड, बंद, आजारपण यांत दोन दिवस सहज जातात. जादा दिवसांचं शुल्क दंडापेक्षा केव्हाही कमी.
- एका नेपाळी आर्थिक वर्षात भारतीय खासगी गाडीला एकूण ३० दिवसच मिळतात. ते वर्ष त्यांच्या श्रावणात, म्हणजे जुलैच्या मध्यावर सुरू होतं.
- मुदत उलटल्यावर आत गाडी सापडली तर ती अडकवून ठेवली जाऊ शकते.

पावतीचा फोटो काढून घरच्यांना पाठवा. मूळ पावती डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हात शाई उडते.

## टप्पा ९: आतले रस्ते

गाडी डावीकडूनच चालवायची, ती सवय मोडावी लागत नाही. घड्याळ मात्र १५ मिनिटं पुढे करा.

भैरहवाहून बुटवल. बुटवलला निर्णय घ्यायचा. सरळ वर डोंगरात सिद्धार्थ महामार्ग पाल्पावरून पोखऱ्याला जातो. उजवीकडे महेंद्र महामार्ग नारायणगढला जातो. हाच आशियाई महामार्ग २ चा भाग, फलकांवर एएच २ दिसतं. नारायणगढहून ३६ किलोमीटरवर मुग्लिन, तिथे पृथ्वी महामार्ग लागतो: उजवीकडे काठमांडू, डावीकडे पोखरा.

पाल्पाच्या रस्त्याला बुटवल सोडल्यावर लगेच सिद्धबाबाचा टप्पा येतो. वरून दगड पडतात. तिथे फोटोला थांबू नका, गाडी बाजूला लावू नका, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून एका दमात पार व्हा.

अंतरावरून वेळ काढू नका. डोंगरात ताशी २५ ते ३० किलोमीटर धरा. सोनौलीहून काठमांडूला पूर्ण दिवस जातो. नाक्याच्या दिवशी ते करूच नका, त्या रात्री लुंबिनी किंवा बुटवलला थांबा. आणि अंधार पडल्यावर डोंगरात गाडी चालवू नका. यावर माझी काही तडजोड नाही.

रस्त्यावरचे फलक आपण वाचू शकतो, हे मोठं सुख. काही शब्द आधी माहीत असू द्या: बाटो म्हणजे रस्ता, आपली वाटच ती. पहिरो म्हणजे दरड. बिस्तारै म्हणजे सावकाश. बायाँ डावीकडे, दायाँ उजवीकडे. 'बन्द' लिहिलं असेल तर तो रस्त्याचा की आंदोलनाचा, हे चहाच्या टपरीवर विचारा.

वाहतूक पोलीस मद्यपानाची तपासणी कडक करतात, तिला ते मापसे म्हणतात. एक घोटही चालत नाही. काठमांडू खोऱ्यात विनाकारण हॉर्न वाजवायला २०१७ पासून बंदी आहे. वळणावर हॉर्न ही आपली घाटातली सवय शहरात आवरावी लागते.

## टप्पा १०: पैसे आणि फोन

भारतीय शंभराला नेपाळी एकशे साठ, हा दर ठरलेला आहे. भाव विचारताना 'आयसी की एनसी' हे विचारा: आयसी म्हणजे भारतीय रुपये, एनसी म्हणजे नेपाळी. मार्च २०२४ पासून फोनपेच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं. हे फोनपे म्हणजे तिथली कंपनी, आपल्याकडचं ॲप नव्हे. पण त्यासाठी इंटरनेट लागतं, आणि डोंगरात ते असेलच असं नाही. रोख ठेवाच.

आपलं सिम रोमिंगशिवाय बंद पडतं. भैरहवात ओळखपत्र दाखवून एनसेल किंवा नेपाळ टेलिकॉमचं सिम घ्या. नंबर लिहून ठेवा: पोलीस १००, रुग्णवाहिका १०२, वाहतूक पोलीस १०३, पर्यटक पोलीस ११४४. भारतीय दूतावास काठमांडूत लैनचौरला आहे आणि वाणिज्य दूतावास वीरगंजला. फास्टॅग तिकडे चालत नाही.

## टप्पा ११: परत येताना

ज्या नाक्याने गेलात त्याच नाक्याने बाहेर पडा. दुसरीकडून यायचं असेल तर आत जातानाच भन्सारच्या खिडकीवर सांगून पावतीवर तशी नोंद करून घ्या.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी नाही, आदल्या दिवशी नाक्यावर या. कमानीखालून सरळ निघून येऊ नका. गर्दीत कोणी अडवत नाही, म्हणून पुष्कळजण तसेच येतात, आणि त्यांची गाडी कागदोपत्री नेपाळातच राहते. पुढच्या वेळी तो नंबर टाकला की जुनी थकबाकी निघते. खिडकीवर जा, पावती दाखवा, गाडी बाहेर गेल्याची नोंद आणि शिक्का घ्या. शिक्का मारलेल्या कागदाचा फोटो काढा. भारतीय बाजूला विकत आणलेल्या वस्तूंची विचारणा होते, बिलं हाताशी ठेवा.

घरी आल्यावर त्या पावत्या फेकू नका. जुलैच्या मध्याआधी पुन्हा जायचं झालं तर तीस दिवसांतले किती उरले, हे त्यांच्यावरूनच मोजायचं. मी माझ्या आरसीच्या पाकिटातच त्या घडी करून ठेवतो.